उंबऱ्यापासून चुलीपर्यंत

माघ सरला की सांगलीच्या बाजारात हुरडा दिसेनासा होतो, आणि थोड्याच दिवसांत कुणीतरी नव्या शाळू ज्वारीची पिशवी माझ्या दारात आणून ठेवतं. या वर्षीही आली. नव्या शाळूच्या पिठाला गोडसर वास असतो, जुन्याला तो नसतो. मी एकटीपुरती भाकरी थापते. एकटीची म्हणून ती लहान होते, पातळ होते, आणि गॅसवर टाकली की फुगतेही पटकन. पण फुगलेल्या भाकरीतून वाफ निघाली की माझी सांगली सुटते. मी कऱ्हाडच्या पलीकडच्या त्या गावात जाऊन पोचते. बेचाळीसनंतरच्या त्या सुगीत.

काल नेमकी त्याच वेळी खालच्या मजल्यावरची स्नेहल आली. ती कॉलेजात शिकवते. चांगली पोरगी आहे, जरा घाईची. जाळीच्या दाराबाहेर उभी राहून म्हणाली, "आजी, एकच प्रश्न आहे. समाजात लोकांचा एकमेकांवर किती विश्वास आहे ते आम्ही मोजतोय. तुम्ही फक्त सांगायचं. बहुतेक माणसांवर विश्वास टाकता येतो, की सावधच राहिलेलं बरं?"

"आत ये की आधी," मी म्हटलं.

"नको आजी, आणखी बरीच घरं करायचीत. इथूनच विचारते."

विश्वासाबद्दल विचारायला आलेली बाई जाळीच्या पलीकडं उभी, आणि उत्तर देणारी मी अलीकडं. मला हसू आलं. तिचा काय दोष म्हणा, जाळी मीच बसवून घेतलीय. मी तिला म्हटलं, उद्या ये, विचार करून सांगते. ती म्हणाली, "आजी, याला अभ्यास लागत नाही." मी म्हटलं, "मला लागतो गं."

ती गेली आणि मी विचार करत बसले. ताप मोजता येतो, पाऊस मोजता येतो. विट्याकडची माणसं मुलूखभर फिरून सोन्याचा कस लावतात. पण माणसाचा माणसावरचा विश्वास कशानं मोजणार? आणि मग आठवलं, की मी मोजला आहे. एक अख्खी सुगी मी दुसरं काही केलंच नाही.

माझं लग्न झालं ते ऐन लढाईत. वडील सांगली संस्थानच्या कचेरीत कारकून. आमच्या घरी शेगडी होती, कोळसा होता. चूल फुंकायची सवय मला नव्हती. सासर मिळालं ते पाटलाचं. पाटील म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं मोठा थाट येतो. आमच्याकडं तसलं काही नव्हतं. मातीचं घर, पुढं सोपा, मागं स्वयंपाकघर, त्यामागं परडं. सासूबाई आमच्या लग्नाआधीच गेलेल्या. नवरा पलटणीत. हळद निघते न निघते तोच त्यांची रजा संपली आणि ते ब्रह्मदेशाकडं गेले. घरात उरलो मी आणि मामंजी. मामंजी गावचे पोलीस पाटील. गावात कोण आलं, कोण गेलं, याची वर्दी सरकारला द्यायची हे त्यांचं काम. माणूस उंच, वाळलेला, आणि इतका अबोल की त्यांच्या चपलांचाच आवाज घरात जास्त. "सूनबाई, पाणी." "सूनबाई, वाढ." यापलीकडं आमचं बोलणं जात नसे.

पाटलाची सून पुढच्या दारानं बाहेर पडत नाही. मला जग होतं ते मागच्या दाराचं, परड्यातलं, आणि परड्याच्या कुंपणाला जिथं खिंडार होतं तिथून पुढं शेजारच्या ताराक्काच्या घरापर्यंतचं.

तिथं मी पहिल्यांदा गेले ती विस्तव मागायला. लढाईमुळं काड्यापेट्या मिळत नव्हत्या. रात्री निखारे राखेत गाडून ठेवायचे आणि सकाळी राख उकरून चूल पेटवायची, अशी सगळ्या गावाची रीत. मला ते जमेना. रोज सकाळी राख उकरावी तर खाली सगळं थंडगार. मग शेणीचा, म्हणजे गोवरीचा, तुकडा घेऊन ताराक्काच्या मागच्या दारात जायचं.

विस्तव मागण्याची एक पद्धत असते. पहिल्या दिवशी मी शहाण्यासारखी दाराबाहेर उभी राहिले. ताराक्का आतून ओरडली, "आगं भाईर काय हुबी राहतीस भिकारणीवानी? आत ये, चुलीम्होरं बस, आन् सोताच्या हातानं घे." विस्तव कुणी आणून देत नाही. मागणारीनं आत जायचं, चुलीपुढं बसायचं, आपली शेणी निखाऱ्यावर धरायची, ती धरेपर्यंत दोन शब्द बोलायचे आणि उठायचं. आता कुणाच्या चुलीपुढं बसलं की काय काय दिसतं! कालवण पातळ आहे की दाट, तेल आहे की नाही, बुट्टीत भाकरी किती आहेत. घरातलं झाकण्यासारखं सगळं चुलीपाशीच असतं. म्हणजे विस्तव देणं म्हणजे आपलं घर दाखवणं. एवढं मला तेव्हा कळलं नव्हतं. मला एवढंच कळलं, की या गावात माझ्याशी कुणीतरी बोलतंय.

ताराक्का मलकापूरची. माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी, अंगानं भरलेली, तोंडानं सैल. मला ती सांगलीकरीण म्हणायची. भाकरी थापायला तिनंच शिकवलं, तिच्याच काठवटीत. मला भाकरी उचलताना अंगठा वर धरता यायचा नाही. तो कडेला रुतायचा आणि तिथं खोच पडायची. ताराक्का पोट धरून हसायची. "सांगलीकरणी, तुजी भाकरी हजारात वळखू येईल बग. उंदरानं कुरतडल्यागत!" पुष्कळ प्रयत्न केले, पण ती खोच गेली नाही. अजून गेलेली नाही.

पुढं मला निखारे राखता येऊ लागले. सकाळी राख उकरली की लालभडक. आणि खरं सांगते, मी त्यांच्यावर पाणी शिंपडायची. चूल विझली तरच ताराक्काकडं जाता येणार. काही निमित्त नसताना दुसऱ्याच्या दारात गेलेली पाटलाची सून कशी दिसली असती? औंधच्या यमाईला ताराक्का पौषात जाऊन आली तेव्हा माझ्यासाठी हिरव्या बांगड्या घेऊन आली. त्या माझ्या मनगटाला मोठ्या झाल्या. मी तरी घातल्या. काम करताना कोपरापर्यंत सरकवून ठेवायची.

मग सुगी आली. शाळू काढायला आला. सगळं गाव रानात. कडाक्याची थंडी गेलेली, ऊन अजून चावत नाही, आणि दिवसभर वाऱ्यावर कडब्याचा वास. परड्यामागच्या खळ्यावर रास लागली की मामंजी स्वतः मापाला बसत. पहिल्या मापाला ते एक म्हणत नसत, लाभ म्हणत. आमच्याकडं सगळेच म्हणतात. मोजणीची सुरुवात आकड्यानं करायची नाही, चांगल्या शब्दानं करायची. मला ते फार आवडायचं. वर्दी देणारा, शिपायांशी बोलणारा तो कोरडा माणूस "लाभ" म्हणताना जरा वेगळा दिसायचा.

सुगी लागली तशी मामंजींनी एक दिवस सांगितलं, "सूनबाई, भाकरी ज्यास्ती टाकत जा. रानात गडी लय हायत."

"व्हय मामंजी," मी म्हटलं. त्यांच्यासारखं बोलायला मी शिकले होते. भाकऱ्या फडक्यात बांधून द्यायची, ते घेऊन जायचे.

त्या सुगीत रानात गडी होते तसे दुसरेही होते. हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं. सरकारविरुद्ध उठलेली पोरं उसाच्या फडात, ओढ्याच्या वगळीत, कुठं कुठं राहत होती. गावोगावची पोरं. ताराक्काचा धाकटा दीर त्यांच्यातच होता. दिवाळीपासून तो घरी दिसलेला नव्हता. ताराक्का म्हणायची, "मुंबैला गेलाय, गिरणीत." मी मान हलवायची. मुंबईला गेलेल्या माणसाचा सदरा तिच्या वळणीवर ओला कसा, असा विचार माझ्या मनात यायचा. पण माझा नवरा सरकारच्या पलटणीत, सासरा सरकारचा पाटील, बाप संस्थानच्या कचेरीत. मी कुठल्या तोंडानं विचारणार?

आणि तरी एक दिवस विचारलं. चुलीपुढं बसले होते, शेणी धरत होती. शेजारी बुट्टीवर फडकं झाकलेलं, आणि भाकरीची चवड त्या फडक्याखाली उंच दिसत होती. ताराक्काच्या घरात खाणारी तोंडं ती केवढी! मी सहज म्हणून गेले, "आक्का, एवढ्या भाकरी? पावणं आल्यात काय?"

ताराक्काचा हात काठवटीत थांबला. मग ती म्हणाली, "व्हय. पावणं." आणि पुन्हा थापायला लागली. त्या दिवशी ती हसली नाही.

दुसऱ्या दिवशी मी उंबऱ्यात पाय टाकला तर आतून आवाज आला. "थांब गं तितंच. आणून देते." तिनं स्वतः निखारा आणून माझ्या शेणीवर ठेवला. मी उंबऱ्यावरून परत आले. मला वाटलं, तिची कसली तरी गडबड असेल. तिसऱ्या दिवशीही तेच. पुढं पुढं ती मला परड्यात बघूनच बाहेर येऊ लागली. उंबरासुद्धा लागायचा नाही. आणि शेवटी तर कुंपणाच्या खिंडारापाशीच उलथन्यावर निखारा घेऊन उभी.

उंबऱ्यापासून तिच्या चुलीपर्यंत अंतर ते केवढं? पण तेवढ्यात माझं सगळं गाव होतं. मी रोज निखाऱ्यांवर पाणी शिंपडून जात राहिले. विस्तवासाठी नव्हे. आज कुठवर येऊ देते, ते बघायला. याला मोजणं नाही तर काय म्हणायचं?

आणि मग पोलीस आले. कऱ्हाडाहून फौजदार, बरोबर शिपाई. ताराक्काच्या घरात शिरले, कणग्या उपसल्या, जळण उधळलं, तिच्या नवऱ्याला चार थपडा दिल्या. हाती काही लागलं नाही. मग ते आमच्या सोप्यात येऊन बसले, आणि मामंजींनी आत वळून सांगितलं, "सूनबाई, च्या ठेव." मी चूल पेटवली. ताराक्काच्या परड्यातून आमच्या घरावरचा धूर नीट दिसतो. तो तिनं बघितला असणार. माझा प्रश्न, त्यानंतर थोड्याच दिवसांनी पोलीस, आणि त्या पोलिसांना माझ्या हातचा चहा. दुसऱ्या कुणाच्या बाबतीत असं झालं असतं तर मीही तेच समजले असते.

खबर कुणी दिली ते मला आजही ठाऊक नाही. मी दिली नव्हती. ताराक्काच्या भाकरीची चवड मी मामंजींनासुद्धा सांगितली नव्हती. पण आपण बोललो नाही, हे माणूस दाखवणार कसं? बोललेल्याला साक्षीदार असतात. गप्प राहिलेल्याला कुणी नसतं. ओढ्यावर धुणं घेऊन गेले की बायकांचं बोलणं एकदम थांबायचं, आणि दगडावर आपटणाऱ्या लुगड्यांचा तेवढा आवाज यायचा. एकजण तर मी बसले त्या दगडाशेजारचा आपला पिळा उचलून पलीकडं गेली. मला तिथंच मोठ्यानं ओरडावंसं वाटलं की मी नाही, मी नाही सांगितलं. पण काय सांगितलं नाही, तेही बोलायची सोय नव्हती.

त्या दिवसांत मला जितकं एकटं वाटलं तितकं पुढं कधीच वाटलं नाही. नवरा वारल्यावरसुद्धा नाही. तेव्हा निदान दार वाजवणारी माणसं होती. गावच्या त्या घरात मात्र मी आणि मामंजी समोरासमोर असायचो. ते जेवायचे, मी वाढायची. त्यांना सांगावंसं वाटायचं, की मामंजी, गाव मला खबरी समजतंय. पण ज्यांना खबर पोचते तेच समोर बसलेले. ते हात धुवायचे, भाकरीचं फडकं उचलायचे आणि निघून जायचे.

सुगी संपत आली होती. एका सकाळी मी नेहमीसारखी खिंडारापाशी गेले. ताराक्का दिसली नाही. आतून तिच्या पोराच्या रडण्याचा आवाज येत होता. मी उंबऱ्याजवळ जाऊन थांबले. तिनं वळून न बघताच हाक दिली, "घे गं तुजं तू. माजं हात पिठाचं हायत, आन् ह्ये कार्टं—" सवयीनं बोलून गेली बिचारी. कोण आलंय हे तिच्या ध्यानातच आलं नाही.

मी आत गेले. चुलीपुढं बसले. शेजारी बुट्टी, आणि पोराच्या धडपडीत तिच्यावरचं फडकं अर्धं सरकलेलं. भाकरीची चवड. वरच्या भाकरीच्या कडेला खोच होती. तिच्या खालच्या भाकरीलाही होती.

मी माझ्या भाकरी ओळखल्या.

ताराक्का वळली. मला बघितलं, मी काय बघतेय ते बघितलं. पोर रडायचं थांबलं की मलाच ऐकू येईनासं झालं, कोण जाणे.

"तुज्या मामंजींनी सांगितलं व्हय तुला?" तिनं हळूच विचारलं.

माझं बोट वरच्या भाकरीच्या खोचेवर गेलं.

"ते रानाकडं जाताना आमच्या गोठ्यात ठिवून जात्यात. म्या दुसऱ्या दिशी जळणाच्या पाटीतनं न्हेते. पयल्यापास्नं." आणि मग जवळ येऊन म्हणाली, "त्येंनीच बजावलं व्हतं बाई. तू पावण्यांचं इचारलंस, म्या त्येंच्या कानावर घातलं, तर म्हणालं, पोर सांगलीची हाय, तिला ह्यातलं काय बी कळू द्यायचं न्हाई, चुलीपतूर येऊ दिऊ नगा. माजा जीव तुटायचा गं. पर पाटलाचा सबुद. सांगितलं न्हवं त्येंनी तुला?"

मी म्हणाले, "सांगितलं की."

का म्हणाले? नाही म्हटलं असतं तर ती पुन्हा घाबरली असती, हे एक. पण दुसरंही होतं. माझ्याच घरातल्या माणसानं मला सांगितलेलं नाही, हे शेजारणीला सांगायची मला लाज वाटली. ताराक्कानं पिठाच्या हातांनी माझं तोंड धरलं. "मंग येवढं दिस गप का व्हतीस गं सांगलीकरणी!" तिच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं, पण ते वेगळ्या कारणाचं. शेणीवर निखारा घेऊन मी परड्यातून परत आले. बोटांना चटका बसेपर्यंत तो चुलीत टाकायचं भान मला नव्हतं.

म्हणजे गाव मामंजींवर विश्वास ठेवत होतं, आणि मामंजी गावावर. माझ्या हातच्या भाकरी ओळीनं सगळ्यांच्या विश्वासातून जात होत्या. फक्त मी नव्हते. मी मामंजींपासून ताराक्काची चवड लपवत होते, ते माझ्यापासून माझीच भाकरी लपवत होते. दोघंही एकाच गावाला एकमेकांपासून वाचवत होतो, एकाच छपराखाली.

पुढं लढाई संपली, नवरा परत आला, आम्ही सांगलीला बिऱ्हाड केलं. मामंजी गावातच राहिले आणि तिथंच गेले. मी त्यांना कधी विचारलं नाही. कधीकधी वाटतं, कारकुनाची पोर म्हणून त्यांचा माझ्यावर भरवसा नव्हता. कधी वाटतं, उद्या फौजदारानं सोप्यात बसवून विचारलं तर पोरीला खरंच काही ठाऊक नसावं, एवढीच त्यांची माया होती. ज्या दिवशी मन जसं, त्या दिवशी उत्तर तसं. म्हातारपणी दुसरं उत्तर जास्त वेळा येतं. ते खरं म्हणून येतं, की मला हवं म्हणून, ते सांगता येत नाही.

आज सकाळी स्नेहल पुन्हा आली. मी जाळी उघडली आणि तिला हाताला धरून थेट स्वयंपाकघरात नेलं, पाटावर बसवलं, गरम भाकरी तिच्यापुढं ठेवली. तिनं कडेची खोच बघितली आणि म्हणाली, "आजी, ही इथं अशी का?" मी म्हटलं, सवय. तिच्या प्रश्नाला मी उत्तर दिलं नाही. तिनं जाताना काय लिहून घेतलं असेल ते असो.

मला आठवत होती ती त्या सुगीतली, ताराक्काच्या चुलीपुढून परत आल्यानंतरची दुसरी सकाळ. मी त्या दिवशी निखाऱ्यांवर पाणी शिंपडलं नाही. चूल लवकर पेटवली आणि पीठ संपेपर्यंत भाकरी टाकल्या. प्रत्येकीच्या कडेला अंगठा मुद्दाम दाबला. फडक्यात बांधून गाठोडं मामंजींच्या पुढं ठेवलं.

त्यांनी ते उचललं, आणि उचलताना हात जरा खाली गेला. फडकं सोडून त्यांनी आत बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. लग्न होऊन मी त्या घरात आल्यापासून त्यांनी माझ्याकडं नीट बघण्याची ती पहिली वेळ असेल.

"आज लय झाल्या," ते म्हणाले.

"रानात गडी लय हायत न्हवं, मामंजी," मी म्हणाले.

मी वाट बघत उभी राहिले. एक शब्द पुरला असता. त्यांनी गाठोडं काखेत मारलं, चपला घातल्या, मागच्या दारापर्यंत गेले आणि उंबऱ्यात थांबले. पाठ माझ्याकडंच होती.

"पोरी," ते म्हणाले, "दार लावून घे."